वेळ दाखवणारं कारंजं : बीजिंगच्या हायेनथांगचं प्रकरण

'आशियाई' प्रतीकं असलेलं कारंजं हवंय, असं म्हणत येणाऱ्या माणसाच्या डोक्यात बहुतेक वेळा एक ठरलेली यादी असते. बुद्धाचं मस्तक, बांबूची नळी, कमळ, ड्रॅगन, पाण्यावर फिरणारा दगडी चेंडू. यादीतलं काहीतरी निवडायचं, त्यातून पाणी सोडायचं, खाली पांढरे गोटे पसरायचे आणि एक निळा दिवा लावायचा. झालं प्रतीक. बागांचं काम करणारे आम्ही लोकही ही यादी मुकाट्याने पुरवतो, कारण मूर्तीचं बिल लगेच निघतं.

प्रतीक मूर्तीत असतं की पाण्यात, हा प्रश्न ज्याला खरोखर पडलाय त्याने 1759 साली बीजिंगमध्ये पूर्ण झालेलं एक कारंजं अभ्यासावं. त्यातल्या मूर्तींची डोकी आज जगप्रसिद्ध आहेत. त्यांच्या लिलावांवरून दोन देशांमध्ये वाद झाले. पण ती डोकी ज्या कामासाठी घडवली होती ते काम बंद पडून आता दोन शतकांहून अधिक काळ लोटलाय, आणि त्या कामाबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

जागा आणि माणसं

युआनमिंगयुआन ही छिंग सम्राटांची बीजिंगच्या वायव्येकडची बाग. बाग म्हणायचं, पण पसारा सुमारे 350 हेक्टरांचा: तळी, टेकड्या, लाकडी महाल, देवळं, ग्रंथालय. सम्राट वर्षातला बराच काळ इथेच राहायचे आणि राज्यकारभारही इथूनच चालायचा. या पसाऱ्याच्या उत्तर टोकाला, एकूण क्षेत्राच्या जेमतेम दोन टक्के पट्टीत, छ्येनलोंग सम्राटाने युरोपीय धाटणीचे दगडी महाल उभारून घेतले. चिनी लोक त्या भागाला शीयांगलौ म्हणतात.

सुरुवात महालांपासून झालीच नाही, झाली ती पाण्यापासून. 1747 मध्ये छ्येनलोंगच्या पाहण्यात युरोपीय कारंज्याचं एक चित्र आलं आणि त्याने दरबारातल्या जुझेप्पे कास्तिल्योनेला विचारलं, असं काही इथे करता येईल का? कास्तिल्योने मूळचा मिलानचा, जेझुइट पंथाचा ख्रिस्ती धर्मप्रसारक, 1715 पासून चीनमध्ये, पेशाने चित्रकार. नळ-टाक्यांचं काम आपलं नाही हे ओळखून त्याने मिशेल बेनुआ या फ्रेंच सहकाऱ्याचं नाव पुढे केलं. बेनुआही काही कारंजी बांधणारा नव्हता. तो गणित आणि खगोलशास्त्राचा माणूस, दोनेक वर्षांपूर्वीच बीजिंगला आलेला. त्याने आधी छोटा नमुना करून दाखवला, तो सम्राटाला आवडला, आणि मग बेनुआची उरलेली बरीच वर्षं पाण्याच्या कामात गेली. धर्मप्रसाराला आलेला माणूस पाणीखात्यात अडकला म्हणा ना.

कारंजी आधी ठरली आणि त्यांना शोभतील म्हणून मागे महाल बांधले गेले, हे ध्यानात ठेवायला हवं. आपल्याकडे इमारत पूर्ण होते, पैसे संपतात आणि मग प्रवेशद्वारासमोर उरलेल्या जागेत 'वॉटर फीचर' येतं. तिथे क्रम नेमका उलटा होता.

पहिला महाल 1751 मध्ये तयार झाला. हायेनथांग हा त्या पट्टीतला सर्वांत मोठा महाल 1759 चा. नदीचं पाणी निवळ आणि समुद्र शांत म्हणजे राज्यात सुबत्ता, अशा अर्थाच्या जुन्या चिनी वचनावरून त्याचं नाव ठेवलं होतं. दर्शनी बाजू पश्चिमेला, दोन्हीकडून वळत उतरणारे जिने, त्या जिन्यांच्या कठड्यांवरून खाली खेळणारं पाणी, आणि जिन्यांच्या पायथ्याशी एक कुंड. आपलं प्रकरण हे कुंड.

बारा जण बसले होते कसे

कुंडाच्या वरच्या अंगाला मधोमध एक प्रचंड दगडी शिंपला होता. तो शिंपला अजून त्या अवशेषांमध्ये आहे, जवळून पाहिला तर त्याच्या पन्हळीसारख्या कडा ओळखू येतात. शिंपला हा पक्का युरोपीय अलंकार, त्या काळच्या तिकडच्या बागांमध्ये पावलोपावली सापडायचा. पण शिंपल्यापासून दोन्ही बाजूंना फाकत गेलेल्या दोन रांगांमध्ये बसलेली मंडळी मात्र वेगळ्या घरची होती. प्रत्येक रांगेत सहा आकृत्या, अंग माणसाचं, अंगात झगा, बैठक ऐसपैस, आणि मानेवर प्राण्याचं डोकं. अंग दगडाचं, डोकं काशाचं. तोंडातून पाणी.

उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन, साप, घोडा, मेंढा, माकड, कोंबडा, कुत्रा, डुक्कर. चिनी वर्षचक्रातले हे बारा प्राणी आपल्याला वर्तमानपत्रातल्या 'यंदा अमुक प्राण्याचं वर्ष' या बातमीमुळे माहीत असतात. पण ते फक्त वर्षांचे मालक नाहीत. जुन्या चीनमध्ये दिवस आणि रात्र मिळून बारा भाग पाडत, दोन तासांचा एक भाग, त्याला शिचन म्हणत, आणि प्रत्येक शिचनावर एकेका प्राण्याचा ताबा. रात्री अकरा ते एक उंदराचा, एक ते तीन बैलाचा, असं करत सकाळी अकरा ते दुपारी एक घोड्याचा आणि रात्री नऊ ते अकरा डुकराचा. आपल्या हिशोबात सांगायचं तर एक शिचन म्हणजे बरोबर पाच घटिका.

कारंजं नेमकं हेच करत होतं. ज्याचा शिचन चालू असेल त्या प्राण्याच्या तोंडातून धार सुरू. दोन तास झाले की ती थांबायची आणि समोरच्या रांगेतला पुढचा प्राणी सुरू व्हायचा. मध्यान्हाला, म्हणजे घोड्याचा शिचन अर्धा सरला की, बाराही तोंडांतून एकदम पाणी. महालासमोर आलेल्या माणसाला वेळ विचारायची गरज नव्हती, कोण पाणी टाकतंय एवढं पाहायचं.

'समोरच्या रांगेतला' हा शब्द मुद्दाम वापरला. उंदरापासून डुकरापर्यंत क्रम एका ओळीत ओवलेला नव्हता. दक्षिणेकडच्या रांगेत उंदीर, वाघ, ड्रॅगन, घोडा, माकड, कुत्रा. उत्तरेकडच्या रांगेत बैल, ससा, साप, मेंढा, कोंबडा, डुक्कर. म्हणजे विषम क्रमांक एका काठाला, सम क्रमांक दुसऱ्या. यिन आणि यांग ही चिनी विचारातली एकमेकांना पूरक अशी दोन तत्त्वं. चिनी परंपरेत विषम स्थानं यांग, सम स्थानं यिन. दक्षिण दिशा यांगची, उत्तर यिनची. जुन्या चिनी खुलाशात हे प्राण्यांच्या पायांशीही जोडलेलं आहे: घोड्याला एक खूर, वाघाला पाच बोटं, ही विषमची मंडळी, बैलाचा खूर दुभंगलेला, कोंबड्याला चार बोटं, ही समची. सापाला पायच नाहीत, तेव्हा त्याची दुभंगलेली जीभ मोजून त्याला सममध्ये बसवलंय. (असे खुलासे वाचताना आपल्याकडच्या पंचांगकर्त्यांची आठवण येते. गणित जुळलं नाही तर जीभ मोजायची, पण पंक्तीतून कोणाला उठवायचं नाही.)

या मांडणीचा परिणाम असा, की धार दर दोन तासांनी कुंड ओलांडून पलीकडे जायची. दक्षिण, उत्तर, दक्षिण, उत्तर. यिन आणि यांग एकमेकांना जागा देत राहतात हे तत्त्व चित्रात दाखवायचं तर काळा-पांढरा गोल काढतात. इथे ते प्रत्यक्ष घडत होतं, आणि ते घडवत होती पाण्याची पाळी. मूर्तींनी त्यात फक्त आपापली तोंडं दिली होती.

त्या झगेवाल्या बैठकीचंही मूळ पाहण्यासारखं आहे. प्राण्याचं डोकं आणि माणसाचा पोशाख ही कल्पना कास्तिल्योनेची नव्हे. थांग राजवटीतल्या, म्हणजे 618 ते 907 या काळातल्या थडग्यांमध्ये अशाच बारा मातीच्या आकृत्या सापडतात: लांब बाह्यांचा दरबारी झगा, हात छातीशी जुळवलेले, वर उंदराचं नाहीतर सशाचं तोंड. मृताभोवती काळ आणि दिशा नीट लागून राहाव्यात म्हणून त्या ठेवत. छ्येनलोंगच्या कारंज्याने हजार वर्षांपूर्वीचे थडग्यातले पहारेकरी उन्हात आणून बसवले आणि त्यांना कामाला लावलं. युरोपीय कारंज्यात याच जागी समुद्रदेव असते, घोडे असते, फुगलेल्या गालांची पोरं असती.

इथे एक लोकप्रिय गोष्ट सांगितली जाते. मूळ आराखड्यात विवस्त्र स्त्रियांचे पुतळे होते, सम्राटाला ते असभ्य वाटले, म्हणून प्राणी आले. गोष्ट रंगतदार आहे, म्हणूनच ती जपून घ्यावी. ती खरी धरली तर प्राणी म्हणजे निव्वळ बदली माल ठरतात. दोन काठांची सम-विषम वाटणी आणि बारा तोंडांचं वेळापत्रक पाहता हा बदली माल वाटत नाही. कोणीतरी शांत डोक्याने बसून केलेलं काम आहे हे.

पाण्याचा हिशोब

वेळ दाखवायला पाणी वापरणं चीनला नवं नव्हतं, आपल्यालाही नाही. लग्नघरात मुहूर्त साधायला पाण्यात सोडलेलं घटिकापात्र आपल्या आजी-पणजींनी पाहिलेलं आहे: तळाला बारीक भोक असलेली वाटी, ती भरून बुडाली की एक घटिका. पण घटिकापात्रात पाणी गुपचूप आपलं काम करतं. हायेनथांगला पाण्याने वेळही मोजायची होती आणि उंच उडूनही दाखवायचं होतं. ही दोन कामं एकमेकांच्या विरुद्ध जातात. पहिल्याला बारीक, एकसारखा प्रवाह लागतो. दुसऱ्याला लागतो जोर.

जोर म्हणजे उंची. औरंगाबादच्या पाणचक्कीला ती उंची डोंगराने दिली. लांबच्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळ्यांमधून आपल्या वजनाने येतं आणि चक्कीवर पडतं. बीजिंगच्या या बाजूला कारंज्यामागे असा सोयीचा डोंगर नव्हता. म्हणून हायेनथांगच्या मागच्या इमारतीत उंचावर एक भली मोठी टाकी बांधली, तिला आतून कथलाचा पत्रा मढवला, गळू नये म्हणून. 'कथलाचा समुद्र' हेच त्या टाकीचं नाव पडलं. खालून यंत्राने पाणी वर चढवायचं, टाकीत साठवायचं आणि तिथून नळांतून समोरच्या कुंडाकडे सोडायचं. दर्शनी बाजूला जो डौल होता, त्याच्या पाठीमागे पाण्याची टाकी होती. आख्खा महालच टाकी झाकायला उभा केलाय म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

आकड्यांचा अंदाज यावा म्हणून आपल्या पद्धतीने ढोबळ हिशोब करू. तोटीचं भोक 10 मिलिमीटर धरा आणि तोटीच्या वर 3 मीटर पाण्याचा दाब धरा. घर्षण बाजूला ठेवलं तर पाणी सेकंदाला साधारण साडेसात मीटर वेगाने बाहेर पडेल, म्हणजे सेकंदाला सुमारे 0.6 लिटर. एका शिचनाला 4,300 लिटर. बारा प्राण्यांचा एक दिवस म्हणजे 52,000 लिटरांच्या आसपास, साधारण पाच टँकर. ही सगळी धार तोटी बारीक ठेवून. कुंडातलं पाणी परत वर चढवलं नाही तर रोज एवढं नवं पाणी हवं.

खरी गोम मध्यान्हात आहे. बारा तोंडं एकदम उघडली की मागणी बारापट होते, सेकंदाला सात लिटरांवर. सगळ्यांना पाणी देणारा मुख्य नळ एका धारेच्या मापाने घेतला असेल, तर त्यातलं घर्षण बारापट वाढत नाही. ते प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे जवळजवळ 144 पट. ज्या क्षणी सगळ्यांनी मिळून दिमाख दाखवायचा त्याच क्षणी सगळ्यांच्या तोंडातून लाळेसारखं पाणी गळेल. सोसायटीच्या बागेत एका पंपावर आठ तोट्या जोडून 'प्रेशर का येत नाही' म्हणून प्लंबरला धारेवर धरणाऱ्यांना हा अनुभव असतो. तेव्हा दिवसातून एकदाच येणाऱ्या त्या वेळेसाठी नळ आणि टाकी मोठी घ्यावी लागते, आणि बाकीचा दिवस ते सगळं अर्धपोटी चालवावं लागतं. बेनुआने हा खर्च केला. मध्यान्ह हा यांगचा कळस, सूर्य माथ्यावर, सम्राटाच्या सत्तेशी जोडलेला क्षण. तिथे धार लुळी पडून चालणारच नव्हतं.

बीजिंगच्या हिवाळ्यात उघड्यावरचं पाणी गोठतं, हे जाता जाता नोंदवून ठेवू. वर्षाचे बाराही महिने चालणारं घड्याळ ते नसणार.

यंत्र थकलं, आणि अर्थही

बेनुआ 1774 मध्ये वारला. त्याच्यामागे ते यंत्र समजून घेऊन सांभाळणारं कोणी उरलं नाही. पाणी चढवण्याची यंत्रणा बंद पडली आणि मग जी पद्धत आली ती वाचताना हसावं की रडावं कळत नाही: सम्राट त्या बाजूला फेरी मारणार असेल तेव्हा माणसं लावून टाकी भरून ठेवायची. साहेबांची स्वारी येऊन जाईपर्यंत कारंजी उडायची, मग कोरडी. मंत्र्यांच्या दौऱ्याआधी रस्त्याचे खड्डे बुजवण्याची आपली रीत जगात एकट्या आपलीच नाही, याचं तेवढं समाधान.

माझ्या मते या प्रकरणातला मुख्य मुद्दा इथे आहे. 1860 च्या आगीची गोष्ट सगळे सांगतात, पण कारंज्याचा अर्थ त्याच्या बराच आधी गेला होता. राज्याच्या मालकाला पाणी वेळ सांगतंय, काळाची पाळी माणसाच्या हुकमाशिवाय चालू आहे, हे त्या रचनेचं म्हणणं होतं. माणसं लावून पाणी भरायला लागल्यावर म्हणणं उलटं झालं: मालक येईल तेव्हा वेळ सुरू, मालक गेला की बंद. मूर्ती त्याच, शिंपला तोच, झगे तेच. प्रतीकाचा एक चिराही हललेला नव्हता आणि तरी प्रतीक मोडलं होतं.

या काळातच, 1780 च्या दशकात, यी लानताय या दरबारी चित्रकाराच्या हातून युरोपीय महालांची वीस चित्रं ताम्रपटांवर कोरली गेली. त्यांतल्या एकात हायेनथांगची पश्चिम बाजू आहे, बारा प्राणी आपापल्या जागी आहेत, पाणी जोमाने उडतंय. आज या कारंज्याच्या रूपाबद्दल आपल्याला जे कळतं ते मुख्यतः या चित्रामुळे. चित्रात नळ नाहीत, टाकीचं पोट नाही, पाणी भरणारी माणसं तर नाहीतच. पुढे जे घडलं त्यात या एकतर्फी चित्राचाही वाटा आहे. लोकांच्या आठवणीत डोकी राहिली, पाळी राहिली नाही.

डोक्यांचा प्रवास

1860 च्या ऑक्टोबरात दुसऱ्या अफू युद्धात इंग्रज-फ्रेंच फौजा युआनमिंगयुआनमध्ये शिरल्या, लूट झाली आणि 18 ऑक्टोबरला ब्रिटिश दूत लॉर्ड एल्गिनच्या हुकमाने जाळपोळ सुरू झाली. वाटाघाटींच्या वेळी चिनींनी पकडलेल्या इंग्रज-फ्रेंच बाजूच्या लोकांपैकी बरेच जण कैदेत मेले, त्याचा हा सूड. पकडलेल्यांमध्ये शीख स्वारही होते. ज्या व्यापारावरून ही युद्धं पेटली त्यातली माळव्याची अफू मुंबई बंदरातून जहाजांवर चढत होती, तेव्हा ही फार लांबची गोष्ट मानायचं कारण नाही. एल्गिन पुढे हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झाला आणि 1863 मध्ये धर्मशाळेत वारला.

लाकडी महाल जळून गेले. दगडी युरोपीय पट्टीचे खांब आणि कमानी मात्र तगल्या. त्यामुळे झालं असं, की एकूण बागेच्या दोन टक्के असलेला, सर्वांत कमी चिनी असलेला कोपरा आज चीनच्या अपमानाचं अधिकृत चित्र बनलाय. शाळेच्या पुस्तकात, टपाल तिकिटावर, सहलीच्या फोटोत तेच मोडके युरोपीय खांब.

काशाची डोकी या लुटीत गेली असं सर्रास सांगतात. ती तेव्हाच गेली की नंतर, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पुढे ती परदेशी संग्रहांमध्ये आणि मग लिलावांमध्ये दिसू लागली. 2000 मध्ये हाँगकाँगला बैल, माकड आणि वाघ विक्रीला आले. विक्री थांबवा असं चीनने सांगूनही लिलाव झाला आणि चीनच्या पॉली समूहाने तीन डोक्यांसाठी 3 कोटी हाँगकाँग डॉलरहून जास्त मोजले. डुक्कर मकावचे कॅसिनोसम्राट स्टॅन्ली हो यांच्या पैशांतून 2003 मध्ये आलं. घोडा त्यांनीच 2007 मध्ये 6 कोटी 91 लाख हाँगकाँग डॉलरना घेतला.

मग 2009. फ्रेंच फॅशन डिझायनर ईव्ह सां लोराँ आणि त्यांचे जोडीदार पिएर बेर्जे यांच्या संग्रहाचा पॅरिसमध्ये लिलाव, त्यात उंदीर आणि ससा. विक्री रोखायला न्यायालयाने नकार दिला. चीनने मानवी हक्क मानावेत आणि दलाई लामांना तिबेटात परतू द्यावं, मग डोकी देतो, असं बेर्जे म्हणाले. बोली लागली, प्रत्येकी 1 कोटी 57 लाख युरो, आणि बोली लावणारा निघाला त्साय मिंगछाओ नावाचा चिनी संग्राहक. त्याने नंतर जाहीर केलं की पैसे देणार नाही. लिलावाच्या धंद्यात एवढी मोठी चपराक क्वचितच कोणी दिली असेल. शेवटी ज्यांच्या कुटुंबाकडे हा लिलाव करणाऱ्या क्रिस्टीज या संस्थेची मालकी आहे त्या फ्रांस्वा पिनो यांनी 2013 मध्ये दोन्ही डोकी चीनला भेट दिली.

बारापैकी सात परतली. ड्रॅगन तैवानमध्ये असल्याचं बोललं जातं. साप, मेंढा, कोंबडा, कुत्रा यांचा ठाव नाही. परतलेली सात तरी एकत्र आहेत का? नाहीत. बैल, माकड, वाघ, डुक्कर पॉलीच्या संग्रहालयात, उंदीर आणि ससा राष्ट्रीय संग्रहालयात, आणि घोडा एकटा 2020 मध्ये मूळ बागेत परतला. तिन्ही ठिकाणं बीजिंगमध्येच.

या साताही डोक्यांचं काम बारीक आहे, यात वाद नाही. सशाच्या कपाळावरचे केस एकेक करून कोरलेत, माकडाच्या गालांवर सुरकुत्या आहेत, घोड्याच्या आयाळीची बट अन् बट सुटी. पण काचेच्या पेटीत ते पाहणाऱ्याला हे कळत नाही की सशाची वेळ पहाटे पाच ते सात, आणि त्याच्या आधी समोरच्या काठावरून वाघ थांबलेला असायचा.

चिनी कलावंत आय वेवेने 2010 मध्ये या बारा डोक्यांची मोठी, नवी मालिका काशात ओतली. ज्यांचा नमुना उपलब्ध नव्हता ती डोकी त्याला स्वतःच कल्पावी लागली. ही डोकी म्हणजे राष्ट्रीय ठेवा वगैरे काही नाही, असं तो स्पष्ट बोलला: आखणी इटालियनाची, बांधणी फ्रेंचाची, मालक मांचू वंशाचा (छिंग) सम्राट. त्याचं हे बोलणं राजकारण म्हणून खणखणीत आहे, रचना म्हणून मात्र अर्धवट वाटतं. डोकी कोणाच्याही हातची असोत, बारा पाळ्या आणि दोन काठ चिनीच होते. 2011 मध्ये ही मालिका न्यूयॉर्कमध्ये पुलित्झर कारंज्याभोवती मांडली गेली. बाराही डोकी खांबांवर, गोलाकार. एकाच्याही तोंडात नळ नव्हता.

आज करायचं म्हटलं तर

आज हे घड्याळ बनवणं किरकोळ काम आहे. बारा सोलेनॉइड (विजेवर उघडणारे-मिटणारे) व्हॉल्व्ह, एक टायमर, पाणी फिरवत ठेवणारा एक पंप आणि मध्यान्हासाठी दुसरा. बेनुआला आयुष्य लागलं ते आता पुण्यातल्या भोसरीतला एखादा कारखानदार महिन्याभरात बसवून देईल. म्हणूनच बारा प्राण्यांची कारंजी मॉलमध्ये आणि रिसॉर्टमध्ये सर्रास दिसतात, बाराही तोंडं सकाळी दहा ते रात्री दहा एकदम चालू. म्हणजे रोज बारा तास मध्यान्ह! तिथे प्राणी बाराऐवजी नऊ ठेवले असते तरी बिघडलं नसतं.

आपल्याकडच्या जागेसाठी हा आराखडा उचलायचा असेल तर प्राणी उचलू नयेत. त्यांच्या जागी बारा राशी बसवायचा मोह होतो. पण राशींचं आणि दिवसाच्या भागांचं असं घट्ट नातं सामान्य माणसाच्या मनात नाही, त्यामुळे सिंहाच्या तोंडून पाणी आलं म्हणून कोणाला वेळ कळणार नाही. आपल्याकडे दिवस-रात्र मिळून आठ प्रहर. 'भर दुपारी', 'तिन्हीसांजेला' हे आपण अजून बोलतो. शनिवारवाड्यातलं हजारी कारंजं सोळा पाकळ्यांच्या कमळाचं आहे. तिथे प्रतीक आकारात आहे, आणि ते तसं चांगलंच आहे. पण आठ तोट्यांचं कुंड केलं, तीन-तीन तासांनी धार सरकत गेली आणि तिन्हीसांजेला आठही उघडल्या, तर मूर्ती एकही न बसवता येणाऱ्याजाणाऱ्याला काहीतरी कळेल. दुपारी खेळायला खाली उतरलेली पोरं आठवड्याभरात सांगू लागतील, अजून तिसरीच तोटी चालू आहे, वर बोलावणं यायला वेळ आहे.

खर्चाचं पत्रक मात्र आधी सोसायटीच्या सभेत ठेवावं. त्यात तोट्यांपेक्षा मोठी रक्कम देखभालीची असेल: गाळणी, क्षार काढणं, व्हॉल्व्ह बदलणं, पंपाची वीज, आणि उन्हाळ्यात टँकर लागला तर त्याचे पैसे. हे पत्रक मंजूर झालं नाही, तर साधं कमळाचं कुंड करावं आणि त्यात गप्पी मासे सोडावेत.